गाळाच्या पाटीची कहाणी

ऐका आसराबाई, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, आणि हातातल्या अक्षता हातातच राहू द्या. तळ्यात टाकायच्या नाहीत. का, ते पुढं कळेल.

आटपाट नगर होतं. नगराच्या कुशीला तळं होतं. पाणी इतकं नितळ, की तळाशी पडलेली बांगडी काठावरून दिसावी. तेच पाणी माणसं पीत, तेच गुरं पीत, त्याच पाण्यानं देवाची अंघोळ होई. तळ्यात आसरा राहत होती, पाण्याची राखणदारीण. तिचा एकच वसा होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की घरटी एका बाईनं एक पाटी गाळ काढावा आणि शेतात नेऊन टाकावा. नवस नाही, नैवेद्य नाही. एक पाटी गाळ. भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, म्हणून शेजारणीनं हात लावावा. बस्स, एवढाच वसा.

मग काय झालं? नगरात नवी राणी आली. राणी भाविक होती, पण हात मऊ होते. तिनं सोनाराकडून तळहाताएवढी चांदीची पाटी घडवली. तीत चिमूटभर गाळ घेतला, हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, तेलाची वात लावली, आणि ती पाटीच पाण्यात सोडली. वाजंत्री वाजली. बायांनी पाहिलं. "अगबाई, किती सुरेख!" मग सोनारणीनं चांदीची पाटी सोडली. मग वाणिणीनं पितळेची सोडली. गरिबाघरी चांदी कुठली, पितळ कुठलं? त्यांनी कणकेची केली. हौस फिटली, कंबरही वाचली! गाळ होता तिथंच राहिला, आणि वरून फुलं पडली, कणीक पडली, तेल पडलं.

तळ्याच्या काठाला भोयाचं घर होतं. भोई मासे धरी, त्याची बायको भिवरा ते बाजारात विकी. त्यांना एकुलती एक लेक होती, तिचं नाव ठकू. वशाचा दिवस आला. भिवरा कणकेची पाटी वळत बसली. ठकू म्हणाली, "आई, आपण खरी पाटी नेऊ ना. मी हात लावते."

भिवरा हसली. "तुझा हात पोचतो का गं माझ्या डोक्यापर्यंत?"

"टाचा वर केल्या की पोचतो."

"मोठी झालीस की लाव," भिवरा म्हणाली, आणि कणकेला चिमटे काढीत राहिली.

त्या दिवशी नगरात एक म्हातारी आली. अंगावर ओलं लुगडं, केसांत शेवाळ. ती सोनारणीच्या दारी गेली. "बाई बाई, पाटीभर गाळ काढतेस का?" सोनारीण म्हणाली, "माझी चांदीची सोडून झाली." ती वाणिणीच्या दारी गेली. "बाई बाई, पाटीभर गाळ काढतेस का?" वाणीण म्हणाली, "माझी पितळेची सोडून झाली." ती भिवरेच्या दारी आली. "बाई बाई, पाटीभर गाळ काढतेस का?" भिवरा म्हणाली, "आजी, ते जुनं झालं. आता राणीसाहेबांसारखं करतात." म्हातारीनं ठकूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली.

मग तळं आजारी पडलं. आधी शेवाळ आलं. मग वास आला. मग मासे पोट वर करून तरंगले आणि भोयाचं जाळं रिकामं येऊ लागलं. राजा म्हणाला, "नाहीतरी तळं नासलंच आहे." त्यानं राजवाड्याची मोरी तळ्यात सोडली. स्वतःला प्यायला डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आणवलं. बायांनी ती मोरी पाहिली. एकीनं दुसरीकडं पाहिलं, दुसरीनं तिसरीकडं पाहिलं. "राजाचं काम, आपण कशाला तोंड उघडायचं?" असं म्हणून पदर नाकाला लावला आणि घागरी भरून घरी आल्या.

पुढं एके दिवशी ठकूला ओकाऱ्या लागल्या, पोट ढाळू लागलं. भिवरा घाबरली. तळ्याकडं धावली, कणकेची पाटी सोडली, वाटीभर तीर्थ आणलं, लेकीला पाजलं. ठकूला उतार पडेना. मग दुसरी पाटी सोडली, दुसरं तीर्थ आणलं, लेकीला पाजलं. ठकूला ग्लानी आली. मग तिसरी पाटी सोडली, तिसरं तीर्थ आणलं. ठकूनं ओठ मिटून घेतले. भिवरा म्हणाली, "घे गं माझे बाई, देवाचं आहे." आईनं सांगितलं म्हणून लेकीनं ओठ उघडले. तेवढं प्याली, आणि गेली.

काय सांगू बायांनो. तिथं कुणी राक्षस आला नव्हता, कुणी शाप दिला नव्हता. आईचा हात होता आणि वाटी होती.

भोयानं जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं. भिवरा उंबऱ्यात बसून राहिली. खाईना, पिईना, कुणाशी बोलेना. मग तीच म्हातारी पुन्हा आली. "बाई बाई, तहान लागली. पाणी देतेस का?" भिवरेनं तांब्या पुढं केला. म्हातारीनं तांब्यात पाहिलं, भिवरेच्या तोंडाकडं पाहिलं. विचारलं, "हेच पाजलंस का तिला?"

भिवरेनं हंबरडा फोडला. म्हातारीचे पाय धरले. "आसराबाई, ओळखलं मी तुम्हाला. मला शिक्षा करा."

आसरा म्हणाली, "आणखी कसली शिक्षा करू? वसा घे. उन्हाळ्यात पाटीभर गाळ काढावा. पाण्यात काही सोडू नये. दुसऱ्यानं सोडलं तर मुकाट बसू नये, विचारावं. राजानं सोडलं तर राजाला विचारावं. भिऊ नये, थकू नये, उचललेली पाटी वाटेत टाकू नये."

भिवरा उठली. फावडं घेतलं, पाटी घेतली, गुडघाभर चिखलात उतरली. पाटी भरली, पण डोक्यावर घेता येईना. हात लावायला कोण होतं? तेव्हा अर्धी भरली आणि अर्धीच उचलली. शेतात नेली नाही. थेट राजवाड्याच्या दारी नेली. द्वारपाल म्हणाला, "काय आहे गं?" भिवरा म्हणाली, "राजाला विचारायचंय, मोरी तळ्यात का सोडली?" द्वारपाल हसला. भिवरेनं दारात पाटी ओतली आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. "राजाला विचारायचंय, मोरी तळ्यात का सोडली?" द्वारपालानं तिला ढकललं, पाटी लाथेनं मोडली. भिवरेनं ओटीतून चिखल नेला आणि दारात ओतला.

तिसऱ्या दिवशी तिनं नवी पाटी भरली, गुडघ्यापर्यंत उचलली. मागून कुणीतरी हात लावला. वळून पाहते तो सोनारीण. सोनारणीचं तोंड सुकलं होतं. म्हणाली, "माझाही नातू अंथरुणाला लागलाय गं. चल, माझीही पाटी उचलू लाग." मग वाणीण आली, तेलीण आली, साळीण आली. एकीनं दुसरीला हात लावला, दुसरीनं तिसरीला लावला. सगळ्या राजवाड्याच्या दारी गेल्या आणि पाट्या ओतल्या. दार उघडेना एवढा गाळ झाला.

राजा सज्जात आला. "हे काय मांडलंय?"

भिवरा म्हणाली, "महाराज, तळ्याचा गाळ आहे. तुमची मोरी तळ्यात का, ते विचारायला आलो."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

भिवरेनं तांब्या वर धरला. "एवढीशीच गोष्ट असेल, तर एवढं पाणी प्या."

राजानं तोंड फिरवलं. राणी मात्र जिना उतरून खाली आली. गाळात काहीतरी काळं दिसलं, ते तिनं उचललं, पदरानं पुसलं. चांदीची पाटी निघाली. राणी म्हणाली, "ही माझी. मला वाटलं, पुण्य लागतं."

भिवरा म्हणाली, "मलाही तसंच वाटलं. माझ्या ठकूला याच तळ्याचं तीर्थ पाजलं."

राणीनं पदर खोचला, भिवरेची रिकामी पाटी घेतली, हातांनी गाळ भरला. उचलायला गेली, उचलेना. भिवरेनं हात लावला. गाळ राणीच्या भरजरी शालूवरून ओघळला. राजानं ते पाहिलं, आणि त्याची मान खाली गेली. त्यानं मोरी बुजवली, घाण पाणी दूरच्या खड्ड्याकडं वळवलं, आणि त्या दिवसापासून राजवाड्यात तळ्याचंच पाणी भरायचं, असा हुकूम केला. मग कुणाची बिशाद होती तळं नासवायची!

तळं काही एका उन्हाळ्यात निवळलं नाही. बाया गाळ काढीत राहिल्या, पाण्यात काही पडलं की विचारीत राहिल्या. वास गेला, शेवाळ गेलं, मासे आले. तळाची बांगडी दिसू लागली. मग आसरा भिवरेपुढं उभी राहिली. म्हणाली, "प्रसन्न झाले. माग, काय हवं ते."

भिवरा म्हणाली, "माझी ठकू द्या."

आसरेच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, "बाई, पाणी मी परत देऊ शकते. ठकू नाही देता येत."

बायांनो, दुसऱ्या कहाण्यांत या वेळी लेक डोळे चोळीत उठून बसते. या कहाणीत उठत नाही. इतक्यांदा सांगितली, तरी दर वेळी मला वाटतं, आज उठेल.

भिवरेनं डोळे पुसले. म्हणाली, "मग एवढंच द्या. पुन्हा कुठल्या आईला हे पाणी लेकीला पाजताना भ्यावं लागू नये." आसरेनं तेवढं दिलं. अजून उन्हाळा आला, की भिवरा सगळ्यांच्या आधी तळ्यात उतरते. पाटी भरते, गुडघ्यापर्यंत उचलते, आणि जराशी थांबते. शेजारी कुणी टाचा वर करून उभं आहे का, ते बघते. मग कुणीतरी येऊन हात लावतं, आणि ती चालू लागते.

त्या नगरच्या पोरीबाळींना जसं निर्मळ पाणी मिळालं, तसं तुम्हां आम्हां सगळ्यांच्या पोरीबाळींना मिळो. भिवरेनं जे भोगलं, ते वैऱ्यालाही भोगायला न लागो. साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सांगितली, सुफळ झाली. संपूर्ण व्हायला तुमची पाटी उरली आहे. हातातल्या अक्षता चिमण्यांना टाका, आणि उठा बायांनो, एकमेकींना हात लावा.