प्रोसेसर भावोजी आणि बॅटरी वहिनी

लॅपटॉपातलं मला सगळं कळतं. म्हणजे तो उघडायचा कुठल्या बाजूने, तेवढं नातीला विचारावं लागतं.

फार फार वर्षांपूर्वीची नाही, गेल्या गुरुवारची गोष्ट. गुरुवारी आमच्या गावची वीज दुरुस्तीसाठी बंद असते. शाळेतल्या कुंदाबाई अकरा मुलींचे वसतिगृहाचे अर्ज भरत होत्या. पाचच्या आत गेले नाहीत, तर पोरींचं शिक्षण थांबलं! बॅटरी उरलेली तीस टक्के. बाईंनी सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग निम्म्यावर आणला.

प्रोसेसर तापला. "मला? शर्यतीच्या बैलाला नांगराला जुंपता?"

"अहो भावोजी," बॅटरी म्हणाली, "बाई टाइप करतात दोन बोटांनी. त्यांना पुढचं अक्षर सापडेपर्यंत तुम्ही धावून धावून जाणार कुठे?"

प्रोसेसर नांगराला लागला. पण गडी मानी! असा बेताने चालला, की पंख्यालाही डुलकी लागली. पाचला दहा कमी असताना अकरावा अर्ज गेला, तेव्हा बॅटरीत दोन टक्के शिल्लक होते. दोघांचं कौतुक करावं तेवढं थोडंच!

"पाहिलंत वहिनी?" प्रोसेसर फुगला. "हळू चालूनही मीच केलं."

"तुम्हीच केलंत, भावोजी. पण दुपारभर तुम्हाला जेवायला कोण वाढत होतं?"