दोऱ्याचं दुसरं टोक

“…मग मोठा बसवला तर टिकेल ना, उस्ताद?”

विक्रांत सासने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता. पहिल्या दोन वेळेला दस्तगीर उस्तादांनी तो कानाआड केला होता. ते बाकड्यावर बसून झेंडूच्या माळेतलं एकेक फूल बोटांनी चाचपत होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या दिवशी एकही यंत्र चालू नव्हतं. खंडेनवमी होती. उस्तादांच्या शेडमध्ये पाने, हातोड्या, पक्कडी धुऊनपुसून पाटावर मांडल्या होत्या, त्यांना हळदकुंकू लागलं होतं. उस्ताद मुजावरांच्या घरातले. पण चाळीस वर्षांत या दिवशी त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. ज्या शिष्यानं लावला, त्याला दुसऱ्या दिवशी शेडचा उंबरा ओलांडू दिला नव्हता.

विक्रांत हे साफ विसरून आला होता. त्याच्या पुण्याच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटं पूजा, दोन मिनिटं फोटो, की काम सुरू.

शेडच्या दारात ट्रकवरून उतरवलेली लाल स्पोर्ट्स कार उभी होती. बॉनेट वर, पुढचा पत्रा काढलेला, इंजिन उघडं. त्या इंजिनावरच्या सुपरचार्जरनं चार महिन्यांत तीनदा दगा दिला होता.

गॅरेजवाले त्याला ब्लोअर म्हणतात. इंजिनाच्या पोटात जास्तीची हवा कोंबणारा पंप. गाडी सुसाट सुटते ती त्याच्या जोरावर. पहिल्यांदा घाटात त्याचा बेल्ट सोलून निघाला. दुसऱ्यांदा बेअरिंग जळालं. तिसऱ्यांदा काय झालं, ते विक्रांतनं नीट सांगितलं नाही. “पुन्हा बेल्टच,” एवढं म्हणून तो खोक्याकडे वळला.

खोक्यात परदेशातून मागवलेला मोठा ब्लोअर होता. रविवारी घाटात शर्यत होती आणि गाडीचा मालक हटून बसला होता. तो जुन्या वळणाचा कारखानदार. दस्तगीर उस्तादांनी बॉनेटवर दोन थापा मारल्या तरच माझा मुलगा या गाडीत बसेल, असं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं होतं. उस्तादांची थाप म्हणजे गाडी पास, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं.

विक्रांतला त्या दोन थापा हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत तर पंधरा वर्षांत कमावलेलं नाव रविवारी धुळीला मिळणार होतं. सल्लाबिल्ला त्याला नकोच होता. त्यानं आपलं नुसतं विचारल्यासारखं केलं.

“ह्यो फिरतोय कशावर?” उस्तादांनी विचारलं.

विक्रांतला मनातल्या मनात हसू आलं. म्हातारा त्याला पहिलीचा पाढा विचारत होता.

“इंजिनावरच की. खालच्या पुलीवरनं बेल्ट येतो.”

“म्हंजे इंजिनाचंच खातोय, आन् इंजिनालाच वाढतोय.”

“हो. पण खातो त्याहून जास्त देतो.”

“मोठा किती खाईल?”

“जास्त खाईल. देईलही जास्त.”

“आन् बसवणार कशावर?”

“आहे त्याच ब्रॅकेटवर. ते मी स्वतः केलंय, उस्ताद. कॉम्प्युटरवर आखून. केसाचा फरक नाही.”

उस्तादांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, कळायला मार्ग नव्हता.

“धोंडी कुठाय?”

…

धोंडीराम लोहार आणि विक्रांत एकाच पावसाळ्यात या शेडमध्ये शिकायला आले होते. विक्रांतची नजर आणि धोंडीचा हात एकाच माणसाला मिळाले असते, तर मी आज सुखानं घरी बसलो असतो, असं उस्ताद तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. विक्रांत पुण्याला गेला, तेव्हा धोंडीचा तो हात सोबत घेऊन गेला. गॅरेज चाललं, वाढलं. मासिकात मुलाखती आल्या. फोटोत धोंडी कडेला असायचा आणि छापून येईपर्यंत कडा कापली गेलेली असायची. धोंडीनं त्याची कधी तक्रार केली नाही, आणि विक्रांतनंही ती कापलेली कड कधी शोधली नाही.

“गावाकडं आहे,” विक्रांत म्हणाला. “हाताला जरा लागलंय.”

“जरा?”

…

“परवा आलता,” उस्ताद म्हणाले. “च्या घेतला. माझ्या हातातनं कप डाव्या हातानं घेतला.”

विक्रांतनं खोक्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं.

तिसऱ्यांदा जे झालं ते असं होतं. गाडी जागेवरच चालू होती. धोंडी वाकून आवाज ऐकत होता. बेल्ट पुलीवरून उडाला आणि त्याचा उजवा हात आत ओढला गेला. अंगठा गेला, त्याच्या शेजारचं बोट गेलं.

त्याआधी दोनदा धोंडी म्हणाला होता, ब्लोअरचा दोष नसेल, ब्रॅकेट सरळ आहे का ते एकदा दोरा ताणून बघूया. दुसऱ्या वेळी गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं होती. विक्रांतनं सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला विचारलं होतं, की कॉम्प्युटरला आता तू दोरा शिकवणार काय? लोक हसले. धोंडीही हसला. पुढं चौकशीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात विक्रांतनं आपल्या हातानं लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. ते लिहिताना अक्षर जराही हललं नव्हतं, आणि याचंच त्याला नंतर जास्त भय वाटत राहिलं.

“काय म्हणाला?” त्यानं विचारलं.

“काय न्हाई. म्हणाला, विक्रांत एकटा पडला असंल.”

…

विक्रांतला वाटलं, धोंडीनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

उस्ताद उठले. चाचपत गाडीपाशी आले. वयानं आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांचे डोळे केव्हाच खाल्ले होते; आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांनी ब्लोअरवर तळहात ठेवला, जरा वेळानं खालच्या पुलीवर ठेवला, आणि हात धोतराला पुसला.

मग माळेचं टोक धरून त्यांनी झेंडू ओरबाडले. फुलं जमिनीवर पडली. हातात नुसता दोरा उरला.

“उस्ताद, आज तर…”

“दोरा हत्यार न्हवं.”

या शेडमध्ये नव्या शिष्याला सहा महिने पान्याला हात लावू देत नसत. सहा महिने नुसतं दोऱ्याचं एक टोक धरायचं. दोन पुल्यांच्या तोंडावरून दोरा ताणायचा. चारी कडांना टेकला, तर पुल्या एका रेषेत. कुठं मध्ये उजेड दिसला, तर वाकडं. विक्रांतनं आणि धोंडीनं ते सहा महिने समोरासमोर काढले होते. एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या.

“धर,” उस्ताद म्हणाले.

विक्रांतनं वरचं टोक धरलं. मासिकात मुलाखती आलेला माणूस पुन्हा अठरा वर्षांचा होऊन पुलीपाशी वाकला. उस्तादांनी खालचं टोक धरलं आणि दोरा ताणला.

“बेल्ट काढलेला हाय न्हवं?”

“हो.”

“मग बघ. माझं डोळं तर गेल्यात. तुझी नजर हाय… उजेड दिसतोय मधी?”

खालच्या पुलीच्या दोन्ही कडांना दोरा टेकला होता. वरच्या, ब्लोअरच्या पुलीच्या एका कडेला टेकला होता. दुसऱ्या कडेपाशी दारातून येणारा दुपारचा उजेड दोरा आणि पुली यांच्या मधून सरळ आरपार येत होता. तांदळाच्या कणीएवढी फट. ब्रॅकेट वाकडं होतं. पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. ब्लोअर बिचारा निर्दोष होता, आणि धोंडीही.

ज्या नजरेचं उस्तादांनी गावभर कौतुक केलं होतं, त्या नजरेतून ही फट सुटणं शक्यच नव्हतं.

विक्रांतनं रविवारचा विचार केला. मालकाचा विचार केला. ब्रॅकेट नव्यानं करायला आठवडा लागला असता, आणि ते का केलं हे कुणीतरी विचारलंच असतं. कागदावरची ती ओळ मग कुणी लिहिली, हेही विचारलं असतं. त्या गाडीत बसणाऱ्या मुलाचा विचारही त्याच्या मनात आला. तो त्यानं बाजूला सारला.

“नाही,” तो म्हणाला. “चिकटून बसलाय.”

…

“परत बघ.”

समोरच्या कारखान्याच्या दारात आज कुणी नव्हतं. दोऱ्याच्या वरच्या टोकाला विक्रांतची चिमूट थरथरत होती, आणि ती थरथर दोऱ्यातून खाली जात असेल, हे त्याला फार उशिरा सुचलं.

“नाही दिसत, उस्ताद.”

“बरं.”

उस्तादांनी दोरा सोडला. विक्रांतनं घाईघाईनं बॉनेट खाली ओढून लावलं, वरची धूळ बाहीनं पुसली आणि बाजूला होऊन उभा राहिला. दोन थापांना किती वेळ लागतो! म्हाताऱ्याला काही दिसलेलं नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला. स्वतःची इतकी किळस त्याला यापूर्वी कधी आली नव्हती, तरीही तो त्या हाताकडे आशेनं बघत होता.

उस्तादांचा हात बॉनेटकडे गेलाच नाही. त्यांनी दोरा सावकाश बोटांभोवती गुंडाळला. विक्रांतचा उजवा हात शोधून तळव्यावर ते वेटोळं ठेवलं, आणि त्याची पाचही बोटं एकेक करून त्यावर मिटवली. अंगठा सगळ्यांत शेवटी.

“धोंडीकडं जा. एक टोक तू धर, दुसरं त्याला दे… कुठल्या बोटात धरतोय, तेवढं मला येऊन सांग.”