जिवाईची वीत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. आमच्या आज्याला विचारलं तर तोही म्हणायचा, फार वर्षांपूर्वीची. तेव्हा उंबरखोऱ्यातून बाहेर जायला एकच वाट होती, वरच्या खिंडीतली. खिंडीच्या पलीकडे जांभूळखोरं. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या, आणि तरी दोन्ही खोऱ्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. माणसाचं असंच असतं, नवल करू नका.

उंबरखोऱ्याचा धनी होता रायाजी नाईक. टेकाडावर त्याची गढी, गढीवर नगारा. नगारा वाजला की घराघरातून माणूस हत्यार घेऊन निघायचा. पण खोऱ्याची एक जुनी रीत होती. शत्रू दारात आला तर नाईकानं कुणाला विचारायचं नाही, सरळ नगारा वाजवायचा. घर पेटल्यावर बैठक कोण भरवतं? मात्र नगारा वाजला की त्याच घटकेला भैरोबाच्या देवळात एक टोपली भरायची. देवळाच्या अंगणातली माती, त्यात भाताचे दाणे, वर पाणी. कोंब वीतभर झाले की नाईकानं खाली यायचं आणि उंबराखाली सगळ्या गावाला विचारायचं, लढाई पुढं चालवू का? गाव हो म्हणालं तर दुसरी टोपली पेरायची. नाही म्हणालं तर माणसं घरी.

ही टोपली सांभाळायला जिवाई होती. वीत मोजायची ती तिच्याच हाताची. हात लहानसा होता तिचा, त्यामुळे लढाया लवकर संपायच्या, असं म्हणतात.

जिवाईला नवरा नव्हता. एक मुलगा, कोंडू, नाईकाच्या फौजेत. एक लेक, तानू, खिंडीपलीकडे दिलेली. जावयाचं नाव शिदू. दरवर्षी आंबे उतरले की करंडी घेऊन यायचा आणि सासूच्या हातची भाकरी खाऊन जायचा. जीव लावणारा जावई होता.

एके वर्षी जांभूळखोऱ्याची माणसं खिंड उतरून आली. गवताच्या गंज्या जाळल्या, गुरं हाकलून नेली, दोन गुराखी मारले. नाईकानं नगारा वाजवला. त्या दिवशी नाईक चुकला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मागून म्हणाल म्हातारा एकाच बाजूनं बोलतो. नाईकानं त्यांना पळवून लावलं, गुरं सोडवून आणली, आणि गावानं त्याला ओवाळलं. जिवाईनंही ओवाळलं. देवळात टोपली पेरलेली होतीच.

पण नाईक घरी आला नाही. त्यानं खिंडीतच तळ ठोकला. घोड्यावर बसलेल्याला जमीन लहान दिसते हो. त्याला वाटायला लागलं, एवढं पळवलंच आहे तर पलीकडचं खोरंच घेऊन टाकू.

कोंब वर आले. जिवाई रोज सकाळी वीत लावायची. नाईक एकदा खाली आला, तेव्हा कोंब वितीला बोटभर कमी होते. नाईकानं ते पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"जिवाई," तो म्हणाला, "देवळात उंदीर फार झालेत. टोपली गढीवर नेतो."

"न्या की. ठेवणार कुठं?"

"धान्याच्या कोठारात. दार लावून. ऊन नको, वारा नको, पाणी तर नकोच."

जिवाईनं पदर तोंडाला लावला. नाईकाला वाटलं, बाई रडतेय. रडत नव्हती ती, हसत होती. अंधारात ठेवलेलं रोप उजेड शोधायला दुप्पट धावतं, हे आमच्याकडं परकरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. नाईकाच्या बापजाद्यांनाही ठाऊक होतं. पण नाईकाची पावलं चिखलाला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि माणूस विसरतो.

मात्र त्याच दुपारी कोंडू भाकरी न्यायला आला, आणि जिवाईचं हसू मावळलं. कोंडू उंबऱ्यातच उभा राहिला. आत येईना.

"आये, उद्या चढाई हाय," तो म्हणाला.

"मग?"

"समोरच्या कड्यावर पहारा असतो. काल धुकं जरा सरलं, तर शिदू दिसला. त्यानं वळखलं मला. हात वर केला."

"आन् तू?"

"माझ्या हातात गोफण होती, आये. खाली करता येईना आन् मारता येईना."

जिवाईनं त्याच्या फडक्यात भाकरी बांधली. मग आणखी दोन बांधल्या. कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. तो गेला, आणि ती थेट गढीवर जाऊन कोठाराच्या बंद दाराशी बसली. उद्या मुलगा मरतो की जावई, एवढंच तिच्या मनात होतं. दाराला तोंड लावून ती हळूच म्हणाली, "बाळांनो, बाहेर या."

आणि असं म्हणतात की कोंबांनी ते ऐकलं.

पहाटेचं धुकं खोऱ्यात दाटलं होतं. कोठाराच्या फटीतून एक पिवळं पातं बाहेर आलं. मग दुसरं. तान्ह्याच्या जावळासारखी मऊ पाती. ती गढीच्या पायऱ्या उतरली, गल्लीगल्लीतून गेली, भैरोबाला वळसा घालून खिंडीच्या वाटेला लागली. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. पाती पुढं आणि जिवाई मागं, अशी ती धुक्यातून वर वर चालली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते असंही काही जण सांगतात. मला विचाराल तर लागत असणार, चढ भारी आहे तो.

तळावर माणसं चढाईला उभी होती. पिवळी पाती त्यांच्या घोट्यांना लागली, तलवारींच्या मुठींवर चढली, ढालींवरून ओघळली. सगळ्या खिंडीत भैरोबाच्या अंगणातल्या ओल्या मातीचा वास सुटला. ज्याला त्याला घर आठवलं. नाईकानं घोड्याला टाच मारली. घोड्यानं मान खाली घातली आणि कोंब खायला लागला. काही केल्या हलेना. हसा, हसा, तेव्हा फौजही हसली होती, असं म्हणतात.

धुक्यातून जिवाई आली. तिनं एका पात्याला वीत लावली, उगीच रीत म्हणून.

"नाईक, वीत कधीच भरली. उंबराखाली चला."

"मी या खोऱ्याचा धनी आहे, जिवाई. मला अडवणार कोण?"

"अडवत कुणीच नाही, नाईक. विचारायचं तेवढं राहिलंय."

"आणि गाव हो म्हणालं तर?"

जिवाईनं कोंडूकडं पाहिलं. मग कड्याकडं पाहिलं. "तर दुसरी टोपली मीच पेरीन," ती म्हणाली. "रडत पेरीन, पण पेरीन."

नाईक उतरला. त्याला खात्री होती, गाव आपल्याला घाबरतं. घाबरत होतंच. नाही कशाला म्हणू?

उंबराखाली रिकामी टोपली ठेवली. पहिल्या टोपलीला देवाची माती चालते, दुसरीला मात्र प्रत्येक चुलीपुढची मूठ लागते. ज्याला लढाई हवी त्यानं मूठ टाकायची. नाईक बोलायला फार गोड होता. जळालेल्या गंज्या त्यानं पुन्हा डोळ्यांपुढं पेटवल्या, मेलेल्या गुराख्यांची नावं घेतली. मग पहिली मूठ स्वतः टाकली आणि हात झटकून उभा राहिला.

माणसं एकेक पुढं आली. टोपलीपाशी थांबायची, नाईकाकडं बघायची नाहीत, आणि मूठ न टाकता पुढं जायची. म्हातारे गेले, बायका गेल्या. शेवटी मेलेल्या गुराख्यांतल्या एकाचा भाऊ आला, सुभाना. त्याच्या मुठीत माती होती. त्याचीच मूठ पडली तर आधी पुढं गेलेले लाजेनं परत फिरले असते. सुभाना टोपलीपाशी थांबला.

"माझा भाऊ मेला," तो म्हणाला. "त्याच्याबरोबर आणखी कुणाचा पाठवू?"

त्यानं मूठ उघडली आणि माती उंबराच्या बुंध्याशी सोडून दिली.

टोपलीत नाईकाची तेवढी एक मूठ राहिली, तळाला, कोपऱ्यात. नाईक वाकून तिच्याकडं बघत राहिला. तलवार त्याच्या कमरेलाच होती, नगारा त्याच्याच गढीवर होता. जिवाईनं विचारलं, "नाईक, एवढ्या मातीत काय रुजेल?"

नाईक खाली बसला, इतर माणसांत. "काही नाही," तो म्हणाला. "नगाऱ्याला गवसणी घाला, झाकून ठेवा तो."

त्या वर्षी शिदू आंब्याची करंडी घेऊन आला. कोंडूनं ती त्याच्या डोक्यावरून उतरवली आणि दोघं मेहुणे एका ताटात जेवले. पुढं फार म्हातारपणी जिवाई लेकीला भेटायला म्हणून धुक्यातून खिंडीकडं गेली, ती तानूकडं पोचली नाही आणि परतही आली नाही. खिंडीत एक जागा आहे, तिथलं गवत वीतभर वाढतं आणि थांबतं. गुरं तिथं तोंड घालत नाहीत, असं म्हणतात.

आता नाईक नाहीत, गढीवर निवडुंग माजलाय. पण आजही उंबरखोऱ्यात नवा सरपंच झाला की हार घालायच्या आधी त्याला उंबराखाली नेतात. रिकामी टोपली पुढं ठेवतात. तो आपल्या चुलीपुढची मूठभर माती तिच्यात टाकतो. मग गावातली सगळ्यात थोरली बाई त्याला विचारते, "एवढ्या मातीत काय रुजेल?"

"काही नाही," असं त्यानं मोठ्यानं म्हणायचं असतं, मागच्या पोरांना ऐकू जाईल असं. हळू म्हणाला तर म्हातारी पुन्हा विचारते. मग घराघरातली माणसं पुढं येतात आणि आपापली मूठ टाकतात.