राजूचा पहिला केशलोच

“पण माताजी, दुखवूनच घेतलं पाहिजे, असं कुठं लिहिलंय?”

डॉ. त्रिशला मगदूम जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, ओसरीवर ताठ बसली होती. उद्या तिच्या धाकट्या बहिणीची, राजूची दीक्षा. आणि दीक्षेत पहिला केशलोच! डोक्यावरचा केस न् केस हातानं उपटायचा, तोही भर मंडपात. लहानपणी राजूच्या पायात काटा मोडला, की भोकाड त्रिशलाच पसरायची. तिला हे बघवणार कसं?

आणि त्रिशला म्हणजे काय साधीसुधी? सांगलीत कुणालाही विचारा. चार हजार पेशंट तिच्या लेसरखालून गेलेले.

“वर्षभर थांबा. मी तिचे केस लेसरनं काढते.”

दीक्षा देणाऱ्या वृद्ध माताजी हसल्या. “तुझं यंत्र कुणालाही चालतं?”

“छे हो! पारखावं लागतं. कातडी उजळ, केस काळा नि जाड, तर उत्तम. उन्हात रापून आलेली, गरोदर... सरळ परत पाठवते. माझी पारख चुकत नाही.”

“मग राजू?”

“राजू एक नंबर! असे केस हजारात एखादीचे. सात-आठ वेळा यायचं, मग बहुतेक परत उगवायचेच नाहीत. जन्माची सुटका.”

“आणि मी?”

माताजींनी डोक्यावरचा पदर मागं सारला. “बघ की, हात लावून.”

त्रिशलानं बोटं फिरवली. पांढरे खुंट टोचले.

“तुम्हाला नाही चालायचं. पांढरा केस लेसरला सापडतच नाही.”

“म्हणजे मी नापास!” माताजी खुशीत म्हणाल्या.

त्रिशलालाही हसू आलं. पण हात तिथंच राहिला.

“माताजी... अजून दुखतं?”

“तीस वर्षं झाली. दर चार महिन्यांनी उपटते, दर खेपेला दुखतं.”

“मग तिला तरी वाचवा ना! माझ्या हातात आहे हो ते!” एवढी मानी बाई, पण डोळे भरून आले.

माताजींनी तिचा हात धरला.

“चार महिने सरत आले, की हे केस मला विचारतात, ‘अजून तयार आहेस का?’ विचारणारंच कुणी ठेवलं नाहीस, तर राजू ‘हो’ कुणाला म्हणणार?”