महाराजांच्या मुठीतला बोल्ट

भाविकहो, खारेबंदर नावाचे एक लहानसे गाव खाडीच्या तोंडाशी होते. पुढे समुद्र, मागे सुरूचे बन. त्या बनाच्या कडेला एक झोपडी बांधून वाळूकर महाराज राहत. महाराज मूळचे कुठले ते कुणाला ठाऊक नव्हते. घाटावरून चालत आले, वाळूत बसले आणि बसूनच राहिले, म्हणून लोकांनी त्यांना ते नाव दिले. महाराज उपदेश फार करत नसत. कुणी जाळे विणत असला तर शेजारी बसून सुताचे टोक धरत.

होड्यांना इंजिने लागू लागली होती तो हा काळ. गावातले पहिले इंजिन लाडोबा तांडेलांनी आणले. माणूस कष्टाळू, पण जीभ तिखट, आणि इंजिन आल्यापासून तर त्यांचे पाय जमिनीला लागेनासे झाले होते. नव्या होडीवरचे शीड आणि डोलकाठी त्यांनी काढून टाकली. इंजिनवाल्याला शीड कशाला, असे ते म्हणत.

होडी बांधली होती बुधाजी मेस्तांनी. बुधाजी गावातले सुतार आणि महाराजांचे भक्त. रोज दुपारचे जेवण ते घरून महाराजांसाठी नेत, मग स्वतः जेवत. काम सावकाश आणि बोलणे त्याहून सावकाश. अशा माणसाला लोक हसतात, तसे बुधाजींनाही हसत.

आता इंजिनाच्या होडीत एक गोष्ट असते, ती समजून घ्यावी. इंजिनापासून एक लांब दांडा बुडातून बाहेर पडून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जातो. त्या दांड्याला बाहेर आधार म्हणून एक कमान लागते, आणि ती कमान बुडाला चार बोल्टांनी आवळलेली असते. कमान सुटली तर दांडा हेलकावतो आणि होडीचे बूड फाडतो. सगळा संसार त्या चार बोल्टांवर!

नारळी पौर्णिमेच्या आधी दोन दिवस, ओहोटीला होडी वाळूवर कलती होती. बुधाजी खाली उताणे पडून कमान बसवत होते. एका मोडीत निघालेल्या मचव्याचे काशाचे चार बोल्ट त्यांनी घासूनपुसून आणले होते. राळ आणि माशाचे तेल कढवून केलेला पिवळा लेप ते एकेका बोल्टाला लावत आणि डोक्याखाली सुती दोरा गुंडाळत, म्हणजे भोकात पाणी शिरू नये. लाडोबा चार माणसे घेऊन बघायला आले.

"बुधाजी, बोल्टाक हळद लावतंस काय रे? वऱ्हाड खय जातला?" लाडोबा म्हणाले. माणसे हसली.

मग त्यांनी पिशवीतून शहरातून आणलेले चार नवे लोखंडी बोल्ट काढले. वर चकचकीत मुलामा, तोंड दिसावे असा. "हे लाय. माज्या नव्या होडयेक जुनो बोल्ट लागूचो नाय."

नव्या होडीला सगळे नवे हवे, ही त्या किनाऱ्याची समजूतच होती. बुधाजींना ती ठाऊक होती. तरी ते म्हणाले, "तांडेलानू, कमान काशाची हा. तिका बोल्ट पण काशाचेच होये. खाऱ्या पाण्यात कासा लोखंडाक खाता. वरचो मुलामो चार म्हयने टिकतलो."

"कासा लोखंडाक खाता? आणि वरसून सोलकढी प्येता काय?"

पुन्हा हशा झाला. बुधाजींचा हात थांबला. त्यांना वाईट वाटले ते हसण्याचे नव्हे. त्या होडीवर सात माणसे जाणार होती, आणि त्यांत त्यांचा धाकटा भाऊ शाणूही होता.

महाराज तिथेच वाळूत बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, "लाडोबा, तुझे तीन लाव. एक त्याचा राहू दे."

"बुवांका इंजिनातला काय कळता?" लाडोबा पुटपुटले. पण सणाच्या तोंडावर साधूला नाही म्हणणे त्यांनाही जड गेले. "ऱ्हवांदे एक. नव्या होडयेक तीट म्हणान."

महाराजांनी लेपात बोट बुडवून तो एक बोल्ट स्वतः माखला, दोरा गुंडाळला आणि बुधाजींच्या हातात दिला. बोटाला माशाचा वास लागला तो त्यांनी धुतलाही नाही.

सात महिने गेले. मासळी चांगली मिळत होती आणि लाडोबांच्या बोलण्याला आणखी धार आली होती. शिमग्याच्या आधी आठवडाभर एके दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, खोल समुद्रात होडीच्या बुडात धाडकन आवाज झाला. शाणूने फळी उचलली. बोल्टांच्या तीन भोकांतून पाणी उसळत होते. लोखंड आतल्या आत खाल्ले जाऊन तुटले होते, नट तेवढे सुटे पडले होते.

"शेठ, इंजिन बंद करू?" शाणूने विचारले.

"बंद करू नको. वारो खडपाकडे हा. बंद केलंस तर खडपार जातलंव."

वारा होडीला खडकांकडे लोटत होता, आणि शीड तर घरी पडवीत होते. भोकांत कापडाचे बोळे कोंबून माणसे पाणी उपसू लागली. लाडोबा वाकून चौथ्या बोल्टाकडे बघत राहिले. त्याचा नट जागेवर होता आणि एक थेंब आत येत नव्हता. पण चार बोल्टांचा भार एकट्याने पेलावा असे कुठल्याच कारागिराच्या हिशेबात बसत नाही. कमान गरकन फिरायला हवी होती. लाडोबांनी हात जोडले. "महाराज, माजा चुकला. ह्यांका घराक पोचवा."

इकडे बनात महाराज सकाळपासून उजवी मूठ आवळून बसले होते. दुपारी बुधाजींनी पान मांडले.

"राहू दे," महाराज म्हणाले. "हात गुंतलाय."

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि दंडाच्या शिरा ताठल्या होत्या. बुधाजी घाबरले, पण पानाजवळच बसून राहिले. उन्हे कलली. होडीचे नाक वाळूला लागल्याचा ओरडा ऐकू आला, तेव्हा महाराजांनी मूठ उघडली. तळव्यावर बोल्टाच्या आट्यांचे वळ उमटले होते, लालनिळे. हाताला राळ चिकटलेली होती आणि माशाच्या तेलाचा वास येत होता. बुधाजींना रडू आवरेना.

लाडोबा भिजलेल्या कपड्यांनिशी धावत आले आणि महाराजांच्या पायांवर पडले. मग त्यांची नजर त्या तळव्यावर गेली.

महाराज म्हणाले, "मी नुसता धरून बसलो. धरण्याजोगे काही तिथे होते, म्हणून धरता आले. ते कुणी ठेवले होते, लाडोबा?"

लाडोबा उठले आणि बुधाजींच्या पायांवर डोके ठेवून राहिले. बुधाजी सुताराच्या पाया तोवर कुणी पडले नव्हते. पाय मागे घ्यावेत की तसेच ठेवावेत, हे त्यांना समजेना. "तांडेलानू, उठा. शाणूक घेऊन इलास ना," एवढेच ते म्हणाले. मग ते महाराजांचे पान वाढायला वळले, कारण महाराज अजून जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला महाराज किनाऱ्याने चालले होते. होडीखाली चिखलात कुणीतरी उताणे पडून काशाच्या बोल्टाला पिवळा लेप लावत होते. बुधाजी शेजारी उकिडवे बसून दोरा देत होते.

महाराज वाकले. "बोल्टाला हळद लावतोस काय रे?"

चिखलाने माखलेले लाडोबा बाहेर आले, गुडघे टेकून त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "होय महाराज. मेस्तांका इचारूनच लावतंय."