वीटभट्टीमागचे शून्य

एकदा एक पक्षिनिरीक्षक आपल्याच गुरूवर इतका वैतागला, की गळ्यातली दुर्बीण पिशवीत कोंबून तडक घर गाठावे असे त्याला वाटले. गाठले मात्र नाही, कारण गणनेची वही गुरूच्या मांडीवर होती.

गुरू म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पंच्याहत्तरी उलटली होती, चाल मंदावली होती, नजर मात्र शाबूत होती. जानेवारीतल्या एका रविवारी गावाभोवतीची पाच पाणथळे पायी हिंडायची आणि कुठे कोणता पक्षी किती दिसला ते वहीत नोंदवायचे, हा उपक्रम त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी सुरू केला होता. त्यांचा शिष्य निरंजन गावच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. हुशार माणूस, उत्साही माणूस, आणि सदैव घाईतला. मागल्या वर्षी गुरुजींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा गणना त्याने एकट्याने केली होती, आणि या वर्षीपासून गणनेचा प्रमुखही तोच होणार होता.

त्या रविवारी अकरा वाजता ग्रामसभा होती. वीटभट्टीमागची पाणथळ जागा बुजवून तिथे बाजाराच्या गाड्या उभ्या करायचा ठराव यायचा होता. ‘तिथे पाखरूही फिरकत नाही, पक्ष्यांच्या वहीतच तसे लिहिले आहे,’ असे ठराववाल्यांचे म्हणणे होते. म्हणून सरपंचांनी वही घेऊन यायला सांगितले होते.

पहाटे निघताना निरंजनला वाटले, आधी मोठ्या तलावावर जाऊ. तिथे चक्रवाक उतरले होते, थापट्या बदके होती, आणि आठाला मासेमारांच्या होड्या सुटल्या की हा सगळा थवा उठून जाई. पण गुरुजी भट्टीमागे वळले, पोते अंथरले आणि त्या डबक्याकाठी पावणेसातला खुशाल बसले.

निरंजनने दुर्बिणीतून एकवार सगळे न्याहाळले. चिखल, वाळलेले लव्हाळे, एक फुटका माठ. त्याला दुसऱ्यांदा बघायचा कंटाळा आला.

“गुरुजी, इथं काही नाही.”

“बस.”

“तिकडं बदकं उठून जातील.”

“जातील,” गुरुजी म्हणाले आणि थर्मासमधला चहा ओतू लागले. चहा ओतण्यातही या माणसाला किती वेळ लागतो, असे निरंजनच्या मनात आले. त्याला थंडीने हुडहुडी भरली होती आणि रागाने कान तापले होते.

साडेसातला गुरुजींनी वही पुढे केली. निरंजनने पेन्सिलीने चटकन शून्य मांडले आणि उठायला लागला. गुरुजींनी खिशातून खोडरबर काढले, ते शून्य पुसले, कागदावरची भुकटी फुंकली आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसले. सव्वाआठला पुन्हा तेच झाले. दूर तलावावर होड्यांची इंजिने सुरू झाली होती. निरंजनचा संयम तिथे संपला.

“गुरुजी, तुम्हाला शून्य नको असेल तर स्पष्ट सांगा. तुमच्या लाडक्या डबक्यासाठी मी खोटे पक्षी लिहिणार नाही.”

“खोटं लिहू नकोसच,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “अरे, ‘आहे’ असं लिहायला एक क्षण पुरतो. पक्षी दिसला, संपलं. ‘नाही’ असं लिहायला मात्र सबंध सकाळ द्यावी लागते. काठ पायाखालून घालावा लागतो. एवढं करून शून्य उरलं, तर तेच शून्य मी सभेत वाचीन आणि ठरावाला हातही वर करीन. इथं यंदा काय आहे ते मलाही ठाऊक नाही. म्हणून तर बसलोय.”

मग त्यांनी वहीचे मागल्या वर्षीचे पान उघडले. वीटभट्टीमागे, शून्य. शेजारी ‘किती वेळ थांबलो’ हा रकाना होता. तो कोरा होता. गुरुजींनी त्यावर नुसते बोट ठेवले.

निरंजनला तो दिवस लख्ख आठवला. दुपारचे बारा वाजले होते, चार पाणथळे झाली होती, भूक लागली होती. गुरुजींनी घालून दिलेला पायी हिंडायचा नियम मोडून तो स्कूटरवर आला होता, आणि रस्त्यावरूनच, इंजिन बंद न करता, त्याने इकडे एक नजर टाकली होती. आज गाव ज्या शून्यावर विसंबून पाणी बुजवायला निघाले होते, ते त्या एका नजरेत तयार झाले होते. त्याला मनस्वी लाज वाटली.

तो मुकाट्याने उठला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठाने चिखलातून चालू लागला. फुटक्या माठापाशी पोचला तोच त्याच्या पावलापासून दोन हातांवरचा चिखल फडफडून उडाला. पाणलावा! चिखलाच्याच रंगाचा तो हिवाळी पाहुणा, पाय अंगावर येईपर्यंत हलत नाही. मागोमाग दुसरा उठला, तिसरा उठला. वळसा पुरा होईतो सात झाले. दीड तास ते त्याच्या डोळ्यांसमोरच बसून होते.

गुरुजींनी वही दिली. निरंजनने सात लिहिले आणि रकान्यात वेळ भरली. या वेळी खोडरबर खिशातच राहिले.

अकरा वाजता सभेत वही वाचायला तोच उभा राहिला. या वर्षीचा आकडा वाचून त्याला खाली बसता आले असते. गुरुजींनीही त्याहून काही मागितले नव्हते. पण त्याने मागले पान उघडले.

“गेल्या वर्षी इथं शून्य लिहिलंय,” तो म्हणाला. “ते खरं धरू नका. मी गाडीवरून खाली उतरलो नव्हतो.”

मागे कुणीतरी हसले. सरपंचांनी ठराव बाजूला ठेवला. गुरुजींनी गणनेची वही निरंजनकडून परत मागितली नाही. ती त्याच्याकडेच राहिली.

आपणही एखाद्या जागेविषयी, एखाद्या माणसाविषयी ‘इथे काही नाही’ असे लिहून मोकळे होतो, तेव्हा आपण गाडीवरून उतरलो होतो का, एवढे स्वतःला विचारावे.