पाहुण्याच्या हातावरचा गूळ

शेजारच्या दादासाहेब करमळकरांच्या अद्भुत कादंबऱ्या त्यांची सून मृण्मयीच लिहिते, असा विमलताईंना दाट संशय होता. पाचव्या भागावर तरी पोरीचं नाव यावं, म्हणून प्रकाशक आलेले पाहून त्या विरजण मागायच्या निमित्ताने आत शिरल्या.

"दादासाहेब, तुमच्या राज्यात पाहुण्याच्या हातावर मीठ ठेवतात ना? मग चौथ्या भागात गूळ कसा हो?"

"तुम्हाला नाही कळायचं, वहिनी! युद्धात मीठ संपलं, म्हणून मी मुद्दाम प्रथा बदलली."

चहा आणणारी मृण्मयी न राहवून म्हणाली, "गूळ नाही, काकू! मीठ संपल्यावर समुद्राचं पाणी शिंपडतात."

"बरोबर गं! गूळ मी आत्ता माझ्या मनाने घातला," विमलताई म्हणाल्या. "राज्यात परका गूळ शिरलेला जिला कळला, राज्य तिचंच ना?"

प्रकाशकांनी मुखपृष्ठाचा नमुना मृण्मयीपुढे सरकवला. "नाव तुम्हीच घाला."